भीतीवर मात करणारे प्रेम : देणाऱ्याचे धैर्य आणि घेणाऱ्याचे धैर्य

दिनांक २५ जुलै २०२५ रोजी छत्तीसगड राज्यातील दुर्ग रेल्वे स्थानकावर केरळच्या दोन धर्मभगिनी आणि त्यांच्यासोबतचा एक आदिवासी तरुण यांना अटक करण्यात आली. नारायणपूर जिल्ह्यातील तीन तरुणी नोकरीसाठी आग्र्याला जायला निघाल्या होत्या आणि त्यांना सोबत करावी म्हणून या भगिनी स्थानकावर आल्या होत्या. बजरंग दलाच्या तक्रारीवरून मानवी तस्करी आणि सक्तीचे धर्मांतर असे गंभीर आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आले. अखेर २ ऑगस्ट रोजी बिलासपूरच्या विशेष न्यायालयाने तिघांनाही जामीन मंजूर केला. खटल्याचे गुणदोष ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे. परंतु अशी घटना मागे काय ठेवून जाते, याचा विचार मात्र आपणा सर्वांना करावा लागेल.

ती मागे ठेवून जाते भीती. धर्मवस्त्र परिधान करून प्रवास करावा की साध्या पोशाखात जावे, हा प्रश्न त्यानंतर मठामठांतून विचारला जाऊ लागला. एखाद्या गरीब मुलीला शिक्षणासाठी वा नोकरीसाठी दुसऱ्या गावी पोहोचवावे का? आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करावी का? शेजारच्या अन्यधर्मीय कुटुंबाला नाताळच्या मिस्सेचे आमंत्रण द्यावे का? कालपर्यंत ज्या गोष्टी सहजपणे घडत होत्या, त्यांच्यापुढे आज प्रश्नचिन्ह उभे आहे. अटक तिघांची झाली, परंतु संकोच हजारोंच्या मनात निर्माण झाला.

भीतीचे कायदे आणि कायद्याची भीती

धर्मांतरविरोधी कायदे आपल्या देशाला नवीन नाहीत. ओरिसा राज्याने १९६७ मध्ये व मध्य प्रदेशने १९६८ मध्ये असे कायदे केले आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. बळजबरी, फसवणूक किंवा आमिष यांच्या साहाय्याने कोणाचेही धर्मांतर होऊ नये, हे तत्त्व ख्रिस्तसभेलाही मान्य आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धार्मिक स्वातंत्र्याविषयीच्या आपल्या घोषणापत्रात, श्रद्धा ही मुक्त मनानेच स्वीकारायची असते, असे निःसंदिग्धपणे मांडले आहे. सक्तीने बदललेला धर्म हा धर्मच नव्हे.

प्रश्न आहे तो कायद्याच्या वाढत्या व्याप्तीचा. मध्य प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यानुसार धर्मांतर करू इच्छिणाऱ्याने व ते घडवून आणणाऱ्या धर्मगुरूने साठ दिवस अगोदर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवायचे आहे. आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर टाकण्यात आली असून शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. राजस्थान विधानसभेने सप्टेंबर २०२५ मध्ये संमत केलेल्या विधेयकात तर काही गुन्ह्यांसाठी जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. महाराष्ट्र सरकारनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये अशा प्रकारच्या कायद्याचा अभ्यास करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती.

अशा वातावरणात भीती दोन्ही बाजूंना घर करते. बहुसंख्य समाजातील काहींना भीती वाटते की, आपली माणसे आपल्यापासून हिरावून घेतली जातील. अल्पसंख्याकांना भीती वाटते की, आपल्या प्रत्येक सत्कृत्याकडे संशयाने पाहिले जाईल. एकाच्या भीतीतून दुसऱ्याची भीती वाढते. मग सेवा करणारा हात आखडता घेतला जातो आणि ज्याला सेवेची गरज आहे तोही तो हात धरायला कचरतो, कारण 'यांच्याकडून मदत घेतली' असा ठपका उद्या त्याच्यावर येऊ शकतो. प्रेम देणेही कठीण होते आणि प्रेम घेणेही.

शुभवर्तमानातील रुपयांच्या दाखल्यात तिसऱ्या दासाने आपला रुपया जमिनीत पुरून ठेवला, हे आपण जाणतो. त्याने असे का केले? तो आळशी होता, असे धन्याने म्हटले. परंतु त्या दासाने स्वतः दिलेले कारण वेगळे आहे. आपण भ्यालो, म्हणून पुरून ठेवला, असे तो सांगतो (मत्तय २५:२५). त्याने चोरी केली नाही, उधळपट्टीही केली नाही. भीतीपोटी त्याने फक्त काहीच केले नाही. आज भारतातील ख्रिस्तसभेपुढे उभा असलेला सर्वांत मोठा धोका कदाचित हाच आहे. आपण श्रद्धा सोडणार नाही, परंतु ती पुरून ठेवू.

उदयनगरच्या वाटेवर

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मध्य प्रदेशातीलच एका घटनेकडे वळावे लागते. देवास जिल्ह्यातील उदयनगर हा आदिवासी भाग इंदूर धर्मप्रांतात येतो. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट धर्मसंघाच्या सिस्टर राणी मारिया तेथे १९९२ साली आल्या. त्यांचा जन्म केरळमधील पुल्लुवळी या गावी २९ जानेवारी १९५४ रोजी झाला. उत्तर प्रदेशातील बिजनौर आणि मध्य प्रदेशातील सतना भागात सेवा करून त्या उदयनगरला पोहोचल्या होत्या.

त्यांनी काय केले? भूमिहीन व अल्पभूधारक आदिवासींना त्यांनी बचतीची सवय लावली, बँकेतून कर्ज कसे मिळते ते शिकविले, सरकारी योजनांची माहिती दिली आणि हक्कांसाठी एकत्र येण्याचे धैर्य दिले. सावकाराच्या पाशात पिढ्यान्‌पिढ्या अडकलेली माणसे हळूहळू मोकळी होऊ लागली. ज्यांची सत्ता गरिबांच्या अज्ञानावर उभी होती, त्यांना हे रुचणे शक्य नव्हते. आपले वर्चस्व जाईल या भीतीतून द्वेष जन्माला आला.

दिनांक २५ फेब्रुवारी १९९५ रोजी सिस्टर राणी मारिया उदयनगरहून बसने इंदूरकडे निघाल्या. वाटेत नाचनबोर टेकडीजवळ समंदर सिंह नावाच्या तरुणाने त्यांच्यावर चाकूने हल्ला केला. त्यांच्या देहावर ५४ जखमा आढळल्या. बसमध्ये इतर प्रवासीही होते, परंतु भीतीने कोणी पुढे झाले नाही. येशूचे नाव घेत त्यांनी प्राण सोडला, असे सांगितले जाते. त्या वेळी त्या ४१ वर्षांच्या होत्या.

समंदर सिंहला जन्मठेपेची शिक्षा झाली. गावातील बड्या मंडळींच्या चिथावणीवरून आपण हे कृत्य केले, असे त्याने पुढे सांगितले. तुरुंगात असतानाच त्याचा संसार मोडला आणि ज्यांनी आपल्याला या मार्गाला लावले त्यांचा सूड घेण्याचे विचार त्याच्या मनात घोळू लागले. एका भीतीने द्वेषाला जन्म दिला होता आणि आता तो द्वेष दुसरा खून मागत होता.

राखीचा धागा

येथे एका धर्मगुरूंचा प्रवेश होतो. कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट या धर्मसंघाचे फादर मायकल पोरट्टुकारा मध्य प्रदेशात संन्याशाच्या वेशात राहत आणि स्वामी सदानंद या नावाने ओळखले जात. त्यांनी तुरुंगात जाऊन समंदर सिंहची भेट घेतली, त्याच्याशी संवाद साधला आणि त्याच्या मनातील सूडाची आग शांत करण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर ऑगस्ट २००२ मध्ये, राखी पौर्णिमेच्या सुमारास, राणी मारिया यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि आपल्या बहिणीच्या मारेकऱ्याच्या मनगटावर तिने राखी बांधली. सेल्मीही त्याच धर्मसंघाची व्रतस्थ भगिनी.

वाचक बंधुभगिनींनो, या प्रसंगातील दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावेसे वाटते.

पहिली गोष्ट काळाची. खून झाला १९९५ साली आणि राखी बांधली गेली २००२ साली. मधे सात वर्षे गेली. क्षमा म्हणजे एका क्षणात उमटणारी भावना नव्हे. सख्ख्या बहिणीच्या रक्ताने माखलेला हात आपल्या हातात घेण्यासाठी मनाला फार लांबचा प्रवास करावा लागतो. आपल्यापैकी ज्यांना अजून कोणाला क्षमा करता आलेली नाही, त्यांनी स्वतःला दोषी ठरवून निराश होऊ नये. प्रवास सुरू आहे की नाही, एवढेच तपासावे.

दुसरी गोष्ट भाषेची. सिस्टर सेल्मीने क्षमेची चिन्हे निवडताना क्रूस वा जपमाळ पुढे केली नाही. समोरच्याला जे चिन्ह लहानपणापासून ठाऊक होते, ज्याचा अर्थ त्याला समजावून सांगावा लागणार नव्हता, तेच तिने निवडले. बहिणीने बांधलेल्या राखीचा अर्थ उत्तर भारतातील कोणत्या भावाला कळणार नाही? प्रेम द्यायचे तर ते घेणाऱ्याच्या भाषेत द्यावे लागते. देवाच्या पुत्राने मनुष्यदेह धारण केला तो याच कारणाने. आणि क्षमा देताना धर्मांतराची कोणतीही अट घालण्यात आली नाही. ज्यांना प्रत्येक ख्रिस्ती सेवेमागे आमिष दिसते, त्यांनी या एका राखीचा विचार करावा.

पुढे राणी मारिया यांची आई एलिस्वा हिनेही समंदर सिंहला भेटून आपला मुलगा मानले. आपल्या मुलीचे रक्त ज्या हातांना लागले होते त्याच हातांचे तिने चुंबन घेतले. २००६ साली त्याची सुटका झाली, त्या कामीही या कुटुंबाने व धर्मभगिनींनी त्याला साथ दिली.

घेणाऱ्याचीही भीती

ही हकिकत सांगताना आपण बहुधा क्षमा करणाऱ्यांचे गुणगान करून थांबतो. परंतु समंदर सिंहच्या बाजूनेही तिच्याकडे पाहिले पाहिजे. मनगट पुढे करणे सोपे होते का?

क्षमा स्वीकारणे म्हणजे आपला अपराध पूर्णपणे मान्य करणे. 'मला इतरांनी भरीस घातले' ही सबब मग पुरी पडत नाही. शिक्षा भोगली की हिशेब चुकता झाला, असे माणूस स्वतःला समजावू शकतो. परंतु क्षमेचा हिशेब कधीच चुकता होत नाही. ती फुकट मिळते, म्हणूनच ती घेताना मान खाली घालावी लागते. सुटकेनंतर जानेवारी २००७ मध्ये समंदर सिंह केरळला राणी मारियाच्या घरी गेला. त्या घराचा उंबरठा ओलांडताना त्याच्या पायांत किती बळ गोळा करावे लागले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. तुरुंगाच्या दाराशी जायला सेल्मीला जेवढे धैर्य लागले, तेवढेच त्याला या दाराशी जायला लागले असेल.

प्रेषित पेत्राला हीच भीती वाटली होती. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशू पाय धुण्यासाठी खाली वाकला, तेव्हा पेत्राने आपले पाय धुऊ देण्यास ठाम नकार दिला (योहान १३:८). वरवर पाहता ती नम्रता होती. प्रत्यक्षात, ज्याची परतफेड करता येणार नाही असे प्रेम स्वीकारण्याची ती भीती होती. त्याच रात्री शेकोटीजवळ दुसऱ्या भीतीने त्याला गाठले आणि त्याने तीनदा प्रभूला नाकारले. पुनरुत्थानानंतर तिबिर्या सरोवराच्या काठी प्रभूने त्याला जाब विचारला नाही. प्रेमाविषयी तीनदा विचारले (योहान २१:१५-१७). पेत्राने त्या वेळी मागे न हटता ते प्रेम स्वीकारले आणि मगच त्याच्यावर मेंढरांची जबाबदारी सोपविण्यात आली. ज्याने क्षमा घेतली तोच मेंढपाळ झाला.

पूर्ण प्रेम भीतीला घालवून देते, असे संत योहान आपल्या पहिल्या पत्रात सांगतो (४:१८). त्याच अध्यायात पुढच्याच वचनात तो त्याचे कारणही देतो : आपण प्रेम करतो ते देवाने प्रथम आपल्यावर केले म्हणून. क्रम लक्षात घेतला पाहिजे. आधी घेणे, मग देणे. जो स्वतः प्रेम घ्यायला घाबरतो, त्याचे देणे हे उपकार करण्यासारखे होते आणि उपकार करणाऱ्याविषयी लोकांना संशय वाटणे स्वाभाविक आहे.

क्षमा म्हणजे न्यायाचा त्याग नव्हे

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. भीतीवर प्रेमाने मात करायची म्हणजे अन्याय निमूटपणे सोसायचा काय? मुळीच नाही. समंदर सिंहवर खटला चालला, न्यायालयाने शिक्षा दिली आणि त्याने सुमारे अकरा वर्षे तुरुंगात काढली. क्षमेने न्यायालयाचा निवाडा पुसला नाही. न्यायालय जेथे पोहोचू शकत नाही तेथे ती पोहोचली. न्यायाने समंदर सिंहला कोठडीत ठेवले, तर क्षमेने त्याच्या हातून घडू शकणारा दुसरा खून टाळला.

त्याचप्रमाणे दुर्गच्या भगिनींसाठी वकील देणे, जामिनासाठी अर्ज करणे आणि संसदेत व रस्त्यावर आवाज उठविणे हे सारे योग्यच होते. संत पौलाने आपले रोमन नागरिकत्व लपविले नाही. न्याय मिळत नाही असे दिसताच त्याने थेट कैसराकडे दाद मागितली (प्रेषितांची कृत्ये २५:११). भारतीय संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे व धर्माचरणाचे स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकाला दिले आहे. त्याचा आधार घेणे हे भित्रेपणाचे लक्षण नाही आणि प्रेमाच्या विरोधातही नाही. सावधगिरी वेगळी आणि भीती वेगळी. सावध माणूस कागदपत्रे नीट ठेवतो, पालकांची लेखी संमती घेतो, कायदा समजून घेतो आणि सेवा चालू ठेवतो. घाबरलेला माणूस सेवाच थांबवितो.

पोप लिओ चौदावे यांनी ८ मे २०२५ रोजी आपल्या निवडीनंतर संत पेत्र महामंदिराच्या सज्जातून जगाला शांतीचे अभिवादन केले आणि न भिता, देवाच्या व एकमेकांच्या हातात हात देऊन पुढे चालण्याचे आवाहन केले. त्यापूर्वी २२ ऑक्टोबर १९७८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनीही आपल्या पोपपदाच्या प्रारंभी, घाबरू नका आणि ख्रिस्तासाठी दारे उघडा, असेच सांगितले होते. साम्यवादी राजवटीखालील पोलंडमधून आलेल्या त्या पोपना भीती म्हणजे काय हे चांगले ठाऊक होते. दोघांच्या शब्दांत एक समान धागा आहे : भीतीवरचा उपाय एकट्याने शूर होणे हा नसून दुसऱ्याचा हात धरणे हा आहे.

आपल्या धर्मग्रामात

आपण महाराष्ट्रातील ख्रिस्ती बांधव तुलनेने सुरक्षित आहोत, असे म्हटले जाते. परंतु भीतीची लहान रूपे आपल्याही घरांत आहेत. वाडवडिलांच्या जमिनीवरून अबोला धरलेले दोन भाऊ रविवारी एकाच मंदिरात, पण वेगवेगळ्या बाजूंच्या बाकांवर बसतात. शांतीचे अभिवादन सर्वांना होते, त्या एकाला सोडून. पहिला घाबरतो, 'मी आधी बोललो तर माझी बाजू पडती दिसेल'. दुसरा घाबरतो, 'तो बोलायला आलाच तर मी काय उत्तर देऊ?'. एकाला देण्याची भीती, दुसऱ्याला घेण्याची. प्रायश्चित्त संस्कारापासून वर्षानुवर्षे दूर राहिलेल्या कितीतरी जणांची अडचणही हीच असते. पापाची लाज वाटते, हे खरे. पण त्याहून अधिक भीती वाटते ती विनामूल्य मिळणाऱ्या क्षमेची.

शेजाऱ्यांच्या बाबतीतही तेच. नाताळचा फराळ हिंदू आणि मुस्लिम शेजाऱ्यांच्या घरी पाठविण्याची आणि त्यांच्याकडून दिवाळीचा व ईदचा फराळ घेण्याची आपली जुनी रीत आहे. संशयाच्या काळात ही ताटे थांबू देऊ नयेत. आपण देण्यात कमी पडत नाही. आपल्या शाळा, दवाखाने व संस्था त्याची साक्ष देतात. पण आपण घेतो का? अडचणीच्या वेळी अन्यधर्मीय शेजाऱ्याकडे मदत मागायला जातो का? जो केवळ देतो तो दाता राहतो. जो घेतोही, तो शेजारी होतो. ज्या गावात आपण शेजारी आहोत, त्या गावात आपल्याविषयीची अफवा पसरविणे कठीण जाते.

दिनांक ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे कार्डिनल अँजेलो अमातो यांच्या हस्ते सिस्टर राणी मारिया यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. भारताच्या भूमीवर रक्तसाक्ष देऊन धन्यवादित झालेल्या त्या पहिल्या महिला होत. त्या सोहळ्याला सिस्टर सेल्मी उपस्थित होती आणि समंदर सिंहही उपस्थित होता. एरव्ही अशा प्रसंगी मारेकरी कोठे असतो? विस्मृतीत, तुरुंगात किंवा लपून. येथे तो कुटुंबातील एक म्हणून वेदीसमोरच्या समुदायात होता.

पुनरुत्थानाच्या सायंकाळी शिष्य भीतीने दारे बंद करून बसले होते आणि प्रभू त्यांच्यामध्ये येऊन उभा राहिला (योहान २०:१९). बंद दारे त्याला अडवू शकली नाहीत. परंतु बाहेर पडण्यासाठी शिष्यांना ती स्वतःच्या हाताने उघडावी लागली. आज देशातील बातम्या वाचून आपल्यालाही दारे लावून घ्यावीशी वाटतात. अशा वेळी प्रत्येकाने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत : भीतीमुळे मी कोणाला प्रेम द्यायचे थांबलो आहे? आणि भीतीमुळे कोणाचे प्रेम मी घ्यायचे नाकारले आहे? त्यांपैकी एका नावापासून या आठवड्यात सुरुवात करता येईल. धन्यवादित राणी मारिया यांच्या मध्यस्थीने प्रभू आपणांस ते धैर्य देवो.